पेटीवरील आकडा

एखादी वस्तू ‘इतकेच नग काढले, यापुढे निघणार नाहीत’ असे सांगून विकली आणि वीस वर्षांनी तीच वस्तू पुन्हा दुकानात मांडली, तर विकणाऱ्याने अन्याय केला असे म्हणावे काय? आणि केला असेल तर तो कोणावर? ज्या वस्तूच्या निमित्ताने हा प्रश्न येथे मांडीत आहे ती वस्तू म्हणजे बाहुली. वाचकहो, विषय पोरकट वाटून पान उलटू नका. ज्या बाहुल्यांविषयी मी बोलत आहे, त्यांतील पुष्कळशा मुलांच्या हाती कधी पडतच नाहीत. प्रौढ माणसे त्या विकत घेतात, पेटी न उघडता कपाटात ठेवतात आणि त्यांच्या किमतीची वर्तमानपत्रातील बाजारभावाप्रमाणे चौकशी करतात. त्यांना संग्राहकांच्या बाहुल्या म्हणतात, आणि त्यांच्या मर्यादित आवृत्त्या निघतात.

या व्यापाराचे माहेरघर अमेरिका. मॅटेल कंपनीची बार्बी 1959 साली न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात प्रथम आली तेव्हा तिची किंमत तीन डॉलर होती आणि ती खेळण्यासाठीच होती. पुढे त्या पहिल्या बाहुलीला हजारो डॉलर मोजणारे लोक निघाले, तेव्हा कंपनीच्याही ध्यानात आले की, खेळणाऱ्या मुलीप्रमाणेच जपून ठेवणारी स्त्रीही आपली गिऱ्हाईक आहे. 2004 साली याच कंपनीने संग्राहकांसाठी चक्क प्रतवारी लावली : रुपेरी खुणेची बाहुली जगभरात पन्नास हजारांहून अधिक निघणार नाही, सोनेरी खुणेची पंचवीस हजारांहून अधिक नाही, आणि प्लॅटिनम खुणेची तर हजाराच्या आतच.

आता या आकड्याचा अर्थ काय, याचा विचार करू या. सोनेरी खुणेच्या बाहुलीचा झगा अधिक रेशमी असेल, केस अधिक निगुतीने विंचरलेले असतील. परंतु त्या आकड्याने बाहुलीत कसलीच भर पडत नाही. आकडा बाहुलीविषयी काही सांगतच नाही. तो इतर लोकांविषयी सांगतो. पंचवीस हजारांव्यतिरिक्त जगातील कोणाकडेही ती असणार नाही, हे तो सांगतो. म्हणजे गिऱ्हाईक दोन गोष्टी विकत घेते. एक बाहुली, आणि दुसरी, ती इतरांपाशी नसण्याची हमी. पहिली गोष्ट कंपनीने एकदा दिली की दिली. दुसरी मात्र तिने आज, उद्या, परवा, दररोज देत राहावयाची असते. कारण साचा तिच्यापाशीच असतो. म्हणूनच छापील चित्रांच्या व्यवसायात ठरलेल्या प्रती काढून झाल्यावर ताम्रपटावर आडव्यातिडव्या रेघा ओढून तो निकामी करण्याची रीत पडली. चित्रकार प्रामाणिक असला तरी त्याचे वारस कसे निघतील कोणी सांगावे! रेम्ब्रांटच्या पटांवरून त्याच्या मृत्यूनंतरही प्रती निघतच राहिल्या.

समजा, एका विधवा बाईने काटकसर करून अशा दहा बाहुल्या जमविल्या आहेत. मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकू, हा तिचा हिशेब. दुसरीकडे, समजा, एक दहा वर्षांची मुलगी आहे. तिने त्या बाहुलीची गोष्ट वाचली आहे; परंतु ती जन्मण्यापूर्वीच आवृत्ती संपली, आणि जुन्या बाजारातील किंमत तिच्या बापाच्या महिन्याच्या पगाराएवढी आहे. कंपनीने साचा पुन्हा बाहेर काढला तर मुलीला बाहुली मिळेल आणि बाईची पुंजी घटेल. न काढला तर उलट. आपले मन साहजिकच मुलीकडे धावते. खेळणे खेळण्यासाठीच असते, असे आपण म्हणतो. मीही तेच म्हणेन. पण मन जिकडे धावते तिकडेच न्याय असतो असे नाही.

निकाल देण्यापूर्वी एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण पाहू. प्लेझंट रोलंड नावाच्या बाईंनी 1986 साली ‘अमेरिकन गर्ल’ या नावाने तीन बाहुल्या काढल्या. प्रत्येकीमागे इतिहासाचा एक कालखंड आणि त्यावरील गोष्टींची पुस्तके होती. कर्स्टन ही 1854 मधील, स्वीडनहून स्थलांतर करून आलेल्या कुटुंबातील. समँथा 1904 मधील अनाथ, आजीकडे वाढणारी. मॉली 1944 मधील, महायुद्धाच्या काळातली. 1993 साली ॲडी आली. गुलामगिरीतून आईसह पळून स्वातंत्र्याकडे निघालेली ही कृष्णवर्णीय मुलगी. पुस्तक वाचून मुली त्या बाहुलीची वाट पाहत, वाढदिवसाचे पैसे साठवीत. 1998 साली मॅटेलने सत्तर कोटी डॉलर देऊन ही कंपनी विकत घेतली. दहा वर्षांनी, 2008 मध्ये, समँथा यापुढे मिळणार नाही असे जाहीर झाले, आणि पाठोपाठ कर्स्टनचीही पाळी आली. हातातील बाहुल्यांचे भाव चढले. नंतर 2014 साली समँथा नव्या पोशाखात परत आली, आणि 2021 साली, कंपनीच्या पस्तिसाव्या वर्षी, सहाही जुन्या बाहुल्या थोड्या काळापुरत्या पुन्हा विक्रीस ठेवण्यात आल्या.

चढ्या भावाने जुनी बाहुली घेऊन बसलेल्यांवर हा अन्याय झाला काय? मला तसे वाटत नाही. आणि त्याचे कारण मुलींविषयीची दया हे नाही. कारण असे की, त्यांना कोणी काही कबूल केलेच नव्हते. कंपनीने त्या बाहुल्यांसाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ ‘दप्तरात जमा केली’ असा होतो. दप्तरात जमा झालेला कागद पुन्हा काढता येतो, हे कचेरीत हेलपाटे घातलेल्या आपणा सर्वांस ठाऊक आहे. भाव चढला तो बाजारातील लोकांच्या अंदाजाने, आणि अंदाज चुकला तर त्याची भरपाई दुसऱ्याकडे मागता येत नाही.

येथे द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत आठवल्यावाचून राहत नाही. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना जी मजुरी मिळाली तीच शेवटच्या तासाला आलेल्यांनाही मिळाली, आणि पहिले कुरकुरले. त्यांचे काय गेले होते? ठरलेली मजुरी त्यांच्या हातात पडली होती. दुसऱ्यालाही तेवढेच मिळाले, एवढेच त्यांचे दुःख. संग्राहकांच्या पुष्कळशा तक्रारी या जातीच्या असतात. परंतु दृष्टांत हाती घेतला की तो पुरता वाचावा. त्या धन्याने पहिल्या मजुरांशी मजुरी ठरविली होती आणि ती त्याने चोख दिली. ‘तुमच्याएवढे इतर कोणाला देणार नाही’ असे त्याने त्यांना सकाळी सांगितले असते, आणि त्या शब्दावर विसंबून ते मळ्यात आले असते, तर? मग त्याचे औदार्य तसेच निर्दोष राहिले असते काय? माझ्या मते नाही. एकाला दिलेला शब्द मोडून दुसऱ्याशी उदार होणारा मनुष्य स्वतःच्या खिशातून दान करीत नाही.

म्हणून पेटीवर आकडा छापला असेल, तर मी बाईच्या बाजूने उभा राहीन आणि मुलीला नकार देईन. हे लिहिताना मला आनंद होत नाही. कोणी म्हणेल, दुसऱ्याला वंचित ठेवण्याचे वचन हे काय वचन झाले? ते पाळण्यात कसली थोरवी? आक्षेप वजनदार आहे. दुसऱ्याचे अन्न अडविण्याचे किंवा औषध रोखून धरण्याचे वचन कोणी दिले असेल, तर ते मोडणेच कर्तव्य. परंतु बाहुली हे औषध नव्हे. त्या मुलीला दुसरी बाहुली मिळू शकते. गोष्टीचे पुस्तक तर तिच्या हातात आहेच. बाईने मात्र कंपनीच्या शब्दापोटी अधिक पैसे मोजले, आणि ते कंपनीने खर्चूनही टाकले. वचन देताना ते क्षुद्र वाटले नाही, पैसे घेताना वाटले नाही. साचा पुन्हा चालवून पुन्हा पैसे मिळण्याची वेळ आली तेव्हाच ते क्षुद्र वाटू लागले, तर त्या जागृत झालेल्या विवेकाकडे थोडे संशयानेच पाहावे.

कंपनी दुसऱ्याने विकत घेतली तरी यात फरक पडत नाही. ज्याने नाव विकत घेतले त्याने त्या नावाने दिलेला शब्दही विकत घेतला. घराबरोबर घरावरील गहाणही येतेच.

याच्या अगदी उलट टोकाचे एक उदाहरण टपाल तिकिटांचे आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हमरशोल्ड 1961 साली विमान अपघातात निधन पावले. पुढील वर्षी अमेरिकेने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यातील काही तिकिटांवर पिवळा रंग चुकून उलटा छापला गेला, आणि ज्यांच्या हाती ती पडली त्यांना घबाड मिळाल्यासारखे झाले. पोस्टमास्टर जनरलने काय करावे? तीच चूक मुद्दाम करून त्यांनी चार कोटी तिकिटे छापविली! दुर्मिळता एका झटक्यात संपली. येथे कोणतेही वचन मोडले गेले नाही, म्हणून याला अन्याय म्हणता येत नाही. तरीही एवढ्या खटाटोपामागे थोडा कोतेपणा होता असे मला वाटते. दैवाने एखाद्याच्या पदरात टाकलेले पुसून टाकण्यासाठी सरकारी छापखाना चालवावा, हे शोभले नाही.

आता कठीण भाग येतो. ‘तीच’ बाहुली म्हणजे कोणती? बार्बीला पस्तीस वर्षे झाली तेव्हा, 1994 साली, मॅटेलने 1959 च्या बाहुलीची नक्कल काढली. तोच काळापांढरा पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, तीच घोड्याच्या शेपटीसारखी केशरचना. म्हणून मूळ बाहुली स्वस्त झाली काय? झाली नाही. पहिल्या बाहुलीच्या तळपायांना उभे करण्याच्या काड्यांसाठी भोके असून आत तांब्याच्या नळ्या बसविलेल्या आहेत. जाणकार तिला तेवढ्यावरून ओळखतो आणि आजही हजारो डॉलर देतो. नक्कल आपल्याला नक्कल म्हणवून घेते, त्यामुळे कोणाचीच फसवणूक झाली नाही, आणि ज्यांना जुने रूप हवे होते त्यांना ते थोडक्या पैशांत मिळाले. अमेरिकन गर्लच्या बाबतीतही सर्वांत आरंभीच्या बाहुल्यांचे कापडी धड पांढरे होते. 1991 च्या सुमारास ते कातडीच्या रंगाचे झाले. पांढऱ्या धडाच्या बाहुलीचा मान 2021 नंतरही कमी झालेला नाही.

छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांच्या प्रकरणात न्यायालयालाच या प्रश्नात शिरावे लागले. त्यांच्या जुन्या छायाचित्रांच्या मर्यादित प्रती पूर्वी विकल्या गेल्या होत्या. 2012 साली त्यांनी त्याच छायाचित्रांच्या नव्या तंत्राने मोठ्या आकाराच्या प्रती काढून लिलावात विकल्या आणि एकोणसाठ लाख डॉलर मिळविले. जुन्या प्रती बाळगणाऱ्या एका संग्राहकाने दावा लावला. त्याच्याजवळील एका चित्रात लहान मुलाची तीनचाकी सायकल आहे. शेवटी भांडण खेळण्यापाशीच आले म्हणायचे! 2013 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दावा फेटाळला. आकार व पद्धत वेगळी, म्हणून आवृत्तीही वेगळी. कायद्याच्या दृष्टीने निकाल ठीक असेल. परंतु नीतीचा प्रश्न विचारला तर मी एवढेच पाहीन की, घेताना साध्या माणसाची समजूत काय झाली होती, आणि ती समजूत विकणाऱ्याने जाणूनबुजून होऊ दिली होती काय. बाहुलीच्या झग्याची गुंडी बदलून ‘ही दुसरी बाहुली’ असे म्हणणारा वकील जिंकेल. पण त्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊन त्याला तसे म्हणता येईल काय?

शब्दांची ही चलाखी या व्यापारात जुनी आहे. चिनी मातीच्या शोभेच्या थाळ्या विकणारे, नगांची संख्या न सांगता, भट्टी इतकेच दिवस पेटेल असे छापीत. भट्टी किती मोठी, हे गिऱ्हाईकाने विचारू नये! असले शब्द पाळूनही विश्वास मोडता येतो. मॅटेलची 1988 ची नाताळची बार्बी थोडी निघाली, तिचा भाव चढला. तो चढलेला पाहून पुढील वर्षांच्या बार्बी लोकांनी पेट्याच्या पेट्या न उघडता साठविल्या. त्या वर्षांत कंपनीने त्या भरपूर काढल्या होत्या. आज त्या पेट्यांना फारसे कोणी विचारीत नाही. त्यांवरील ‘विशेष आवृत्ती’ या शब्दांत खोटे काहीच नव्हते, कारण त्यांत काही सांगितलेलेच नव्हते.

माझ्या मनात खरी तक्रार आहे ती वचन मोडण्याविषयी नसून ते इतक्या सहजपणे देण्याविषयी आहे. ‘कधीही नाही’ हा शब्द माणसाने फार थोड्या प्रसंगी उच्चारावा. पुढच्या पिढीतील मुलीला ही गोष्ट, हा चेहरा आवडणार नाही हे आज कोणाला सांगता येते? ॲडीसारखी बाहुली काढणाऱ्याने तर ‘यापुढे नाही’ असे छापण्यापूर्वी दहादा विचार करावा. त्या गोष्टीची गरज आकड्याबरोबर संपत नाही. ज्याला दुर्मिळता विकायचीच आहे त्याने ‘या सालाच्या खुणेच्या इतक्या, रूप पुन्हा येऊ शकेल, खूण येणार नाही’ असे स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक कदाचित थोडे कमी पैसे देईल. मग ते कमी झालेले पैसे कशाचे होते, हे दोघांनाही कळेल.

आपल्यापैकी काहींच्या घरी परदेशातील मुलाने किंवा भाचीने पाठविलेली अशी एखादी पेटी कपाटात असेल. ती काढून तिची मागची बाजू वाचून पाहा. आकडा आहे, की नुसतेच ‘विशेष’ असे लिहिले आहे? आकडा असेल तर कंपनीने तुम्हाला शब्द दिला आहे आणि तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नसेल, तर घरात लहान मूल असल्यास पेटी उघडावयास हरकत नाही.