दगडाला दोष कोणता?

रोमच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर तिव्होली हे प्राचीन नगर आहे. त्याच्या पायथ्याशी गंधकयुक्त पाण्याचे झरे वाहतात. भूगर्भातील पाणी कर्बवायूच्या योगे चुनखडक विरघळवीत वर येते. उघड्यावर येताच वायू निसटतो आणि विरघळलेला चुना थरावर थर बसू लागतो. त्यात शेवाळ, गवत, पाने गाडली जातात. कालांतराने ती कुजून नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. या सच्छिद्र पाषाणास ट्रॅव्हर्टाइन म्हणतात.

याच पाषाणाची दोन बांधकामे जगप्रसिद्ध आहेत. पहिले, इ. स. ८० मध्ये खुले झालेले कलोसिअम. जेरुसलेमच्या पाडावातील लुटीतून ते उभारले गेले, असे इतिहासकार मानतात. तेथे माणसांनी माणसांना मारावे आणि हजारोंनी ते पाहावे, हीच करमणूक होती. दुसरे, सेंट पीटर महामंदिरापुढील स्तंभांची रांग. बर्निनीने १६५६ ते १६६७ या काळात २८४ स्तंभ उभारले आणि ख्रिस्तसभेचे मातृवत पसरलेले बाहू, असे त्यांचे वर्णन केले. त्यापूर्वी, पंधराव्या शतकात, खुद्द कलोसिअमचे दगडही गाडे भरभरून काढून नव्या बांधकामांसाठी नेण्यात आले होते.

क्रौर्यासाठी रचलेला दगड सत्कार्याला लावावा काय? आम्हांस वाटते, अवश्य लावावा. दगड निष्पाप असतो. पाप हातांचे असते. परंतु एवढे म्हणून आपली सुटका होत नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरांखालची जमीन कशी आली? कुठे धाकट्या भावाचा हिस्सा डावलला गेला, कुठे बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली. आज त्या घरात वेदी आहे, रोज संध्याकाळी जपमाळ होते. त्या प्रार्थनेने बहिणीचे देणे फिटले काय? जक्कयाचे उदाहरण आठवावे. प्रत्यक्ष प्रभू येशू त्याच्या घरी पाहुणा आला, तरी तेवढ्याने हिशेब पुरा झाला असे त्याने मानले नाही. फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. नवा सदुपयोग म्हणजे जुन्या ऋणाची फेड नव्हे.

ज्यांचे देणे आहे ते हयातच नसतील तर? तेव्हा निदान स्मृती राखावी. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी अठराव्या शतकात कलोसिअम ख्रिस्ताच्या दुःखसहनास अर्पण केले. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये शुभ शुक्रवारची तेथील क्रूसाची वाट पुन्हा सुरू केली. तेथे काय घडले हे त्या प्रार्थनेने लपविले नाही, उलट जागते ठेवले.

ट्रॅव्हर्टाइनची फरशी करताना कारागीर पुष्कळदा छिद्रे बुजवून ती गुळगुळीत करतात. घराण्याच्या इतिहासाची आपण तशी फरशी करू नये. जमीन कशी आली ते मुलांना सांगावे. आणि ज्या आत्याचा वाटा राहून गेला, ती आहे तोवर तिच्या दाराशी जावे.