सांभाळून घेणाराचा न्याय

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत किंवा संस्थेंत असा एक मनुष्य बहुधा असतो, कीं इतरांच्या उणिवा सांभाळून घेणें हेंच ज्याचें मुख्य काम होऊन बसतें. जोंवर त्याची शक्ति पुरते तोंवर त्याच्या अस्तित्वाची कोणी दखलहि घेत नाहीं. ती अपुरी पडली, कीं सर्व बिघाडाचें खापर मात्र त्याच्याच माथीं फुटतें. हा न्याय कीं अन्याय, या प्रश्नाचा विचार करण्यास मोटारगाडीच्या एंजिनावरील एक लहानशी झडप आम्हांस फार उपयुक्त दृष्टान्त वाटते. तिचें व्यवहारांतील नांव 'आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह' असें आहे.

पेट्रोलच्या एंजिनांत जाणारी हवा थ्रॉटल नांवाच्या पडद्यानें कमीजास्त होते. चौकांत गाडी थांबली व चालकानें ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, म्हणजे हा पडदा मिटतो. तरीहि एंजिन बंद पडत नाहीं, मिनिटास सातआठशें फेरे घेत तें शांतपणें चालू राहतें. याचें कारण असें, कीं मिटलेल्या पडद्यास वळसा घालणाऱ्या एका अरुंद वाटेनें त्यास थोडी हवा मिळत असते, आणि त्या वाटेवर ही झडप बसविलेली असते. वातानुकूलन सुरू केलें, दिवे लावले, कीं भार वाढतो. गाडींतील संगणक तें ओळखून झडप किंचित् अधिक उघडतो व फेरे कायम राखतो. ही कल्पना कांहीं नवी नव्हे. जेम्स वॉटनें १७८८ सालीं वाफेच्या यंत्रास फिरत्या गोलकांचा नियामक जोडला होता, आणि मॅक्सवेलनें १८६८ सालीं अशा नियामकांवर गणिती निबंध लिहिला.

आतां या झडपेचा स्वभाव पाहावा. थ्रॉटलच्या कडेस काजळी धरून हवा कमी झाली, तर झडप अधिक उघडते. एखादी रबरी नळी तडकून चोरवाटेनें हवा आंत शिरूं लागली, तर ती आपली वाट आवळते. दोष दुसऱ्याचा आणि भरपाई हिची! परंतु उघडण्यास व मिटण्यास कांहीं मर्यादा आहे. ती संपली, कीं एंजिन थरथरूं लागतें, सिग्नलपाशीं बंद पडतें, किंवा उगाच घोंघावत राहतें. पुष्कळ गाड्यांत संगणक तेव्हां 'पी ०५०५' असा संकेत नोंदवितो. त्याचा अर्थ इतकाच, कीं मंदगतीचें नियमन साधत नाहीं. तें कां साधत नाहीं, हें तो सांगत नाहीं. तथापि घाईच्या मिस्त्रीस तेवढा पुरावा पुरतो, आणि झडप बदलली जाते. दुसरा सोपा उपाय म्हणजे थ्रॉटलचा स्क्रू पिळून पडदा थोडा उघडा ठेवणें. त्यानें फेरे वाढतात, तक्रार मिटते, आणि मूळ दोष जागच्या जागीं राहतो.

न्यायाची रीत निराळी आहे. हवेचा मार्ग धरून जावें. एअर फिल्टरपासून निघालेली जाड नळी थ्रॉटलपाशीं पोंचते. तेथेंच किंवा अगदीं जवळ, वायरींचा जोड असलेली ही झडप बहुधा सांपडते. तिला हात लावण्यापूर्वीं नळ्या तडकल्या आहेत काय, फिल्टर चोंदला आहे काय, हें पाहावें. मग एंजिन निवल्यावर बॅटरीची ऋण तार सोडून झडप काढावी. एंजिनाच्या पोटांतून परत येणारी तेलाची वाफ व काजळी तिच्या टोंकावर साचते. ती थ्रॉटल धुण्याच्या द्रवानें व मऊ ब्रशानें काढावी. द्रव विजेच्या भागांत जाऊं देऊं नये, आणि पुढें आलेलें टोंक जोरानें आंत दाबूं नये. त्यानें आंतील नाजूक रचना बिघडते. गॅस्केट फाटलें असल्यास नवें घालावें, नाहीं तर तेथूनच नवी चोरवाट व्हावयाची. बॅटरी सोडल्यानें संगणकाचे जुने हिशेब बहुधा पुसले जातात. नवे जुळेपर्यंत एंजिन थोडें अस्थिर चाललें, तरी धीर धरावा. इतकें करूनहि झडप हलेनाशी झाली असेल, तर ती खुशाल बदलावी. चौकशीअंतीं दिलेला निर्णय कठोर असला, तरी तो अन्याय्य नसतो.

येथें कोणी म्हणेल, कीं ज्यानें निमूटपणें भरपाई केली त्यानें दोष झांकलाहि. मग तो निरपराधी कसा? या आक्षेपांत तथ्य आहे. घरांतील एकाची उधळपट्टी आपल्या गरजा आवळून निभावणारी गृहिणी त्या उधळपट्टीस नकळत आयुष्य देत असते. झडपेस वाचा नाहीं, मनुष्यास आहे. म्हणून शक्ति शिल्लक आहे तोंवरच बोलणें हें त्याचें कर्तव्य होय. परंतु त्याहून मोठें कर्तव्य आम्हां इतरांचें आहे. सर्व सुरळीत चाललें असतां तें कोणाच्या जिवावर चाललें आहे, हें आम्हीं विचारावयास नको काय?

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ही स्वतंत्र झडप नसते. थ्रॉटलचा पडदाच विजेच्या मोटरीनें रेसभर उघडून तेंच काम करतो. झडप गेली, पण तिचें काम गेलें नाहीं. घरांतूनहि सांभाळून घेणारा मनुष्य निघून गेला, म्हणजे त्याचा भार कोणास तरी उचलावा लागतो, आणि तो किती होता हें घरास तेव्हां कळूं लागतें.