आधी फेड, मग शिक

"आधी कर्ज फेड, मग शिक." २०१८च्या जूनमध्ये हे मला सासूबाईंनी सांगितलं, थोरल्या भाऊजींनी सांगितलं, माहेरच्या मावशीनं सांगितलं. बोलण्यात कुणाच्याच खोट नव्हती. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, मुलगी तिसरीत, डोक्यावर दीड लाखाचं देणं, आणि मी मुक्त विद्यापीठाचा बी.कॉम.चा अर्ज घेऊन आलेली. अंथरूण पाहून पाय पसरायचे, हेच ऐकत वाढलेल्या माणसांना ते खटकणारच. तरीही आज सगळा हिशेब समोर मांडून मी म्हणते, की एकट्या बाईला दिलेला हा सल्ला चुकीचा आहे.

सोनं दवाखान्यातच गेलं होतं. उरलेलं देणं असं होतं: सहकारी बँकेचे साठ हजार, सोळा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, हप्ता १,४६०. बचत गटाचे वीस हजार, शेकडा दोन रुपये महिना. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचे तीस हजार, आठवड्याला ६५० प्रमाणे ५२ हप्ते. आणि दादाचे चाळीस हजार, बिनव्याजी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी पावत्या लिहायचे, पगार ८,५००. बँक, फायनान्स आणि गटाचं नुसतं व्याज एवढ्यातच साडेचार हजार जायचे. ज्या महिन्यात पाच आठवडे येत, त्या महिन्यात रात्री साड्यांना फॉल-पिको करावं लागे.

आता सल्ल्याप्रमाणे वागले असते तर? वर्षाची फी माझ्या निम्म्या पगाराहून कमी होती. तिन्ही वर्षांची फी, परीक्षा, एसटीचं भाडं धरून चौदा हजारांच्या आसपास गेले. ते देण्यात घातले असते तर गटाचं बरंचसं मुद्दल लवकर उतरलं असतं, हे खरं. पण पगार तोच राहिला असता. कर्ज संपेपर्यंत मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर आली असती, आणि तेव्हा पहिली फी कुणाची भरायची हा प्रश्नसुद्धा पडला नसता. आईचं शिक्षण कायमचं मागे पडतं ते असं. कुणी नको म्हणत नाही, फक्त 'मग' म्हणतात. ज्या घरात दोघं कमावतात, तिथे एकानं थांबून दुसऱ्यानं ओढायचं असं जमतं. एकटीच्या घरात थांबायचं तर सगळं घरच थांबतं.

कर्ज देणाऱ्यांच्या हिशेबातही हे घर नीट बसत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांचे नियम नव्यानं केले. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जायचे नाहीत. नियम चांगला आहे, माझ्या वेळी असता तर मला हवा होता. पण उरलेला निम्मा भाग दोन मोठ्या माणसांच्या घरात एक गोष्ट असते आणि माझ्या घरात दुसरी. मी दुकानात असताना मुलीला कोण सांभाळणार, तिला ताप आला तर कुणाचा खाडा होणार, हे उत्पन्नाच्या रकान्यात कुठेच लिहिलं जात नाही.

फायनान्सची मीटिंग मंगळवारी सकाळी आठला, शेजारच्या काकूंच्या अंगणात. सतरंजीवर दहा बायका, घडी घातलेल्या नोटा मुठीत, मधे वसुलीचा मुलगा, मांडीवर रजिस्टर. एकीचे पैसे कमी पडले तर कुणीच उठायचं नाही. एका मंगळवारी माझ्याकडे चारशेच होते. दुकान गाठायचं होतं, मुलीची शाळा होती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, सतरंजीकडे बघत होत्या. शेवटी दोघींनी सव्वाशे-सव्वाशे काढून दिले. त्यातल्या एकीला त्या दिवशी गॅस भरायचा होता, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. विनातारण कर्ज म्हणतात त्याला, पण शेजारणीची भीड तिथे तारण ठेवलेली असते.

त्याच वर्षी रविवारच्या संपर्क सत्रात सरांनी फळ्यावर घटत्या शिलकीवरचं व्याज शिकवलं. मुलगी शेवटच्या बाकावर, हळदीच्या जुन्या हिशेबपट्ट्यांच्या मागच्या बाजूला पाढे लिहीत बसलेली. मी वहीच्या समासात माझं फायनान्सचं कर्ज मांडलं. तीस हजारांवर ३,८०० व्याज, म्हणजे पावणेतेरा टक्केच, असं मी धरून चालले होते. पण तीस हजार वर्षभर माझ्याकडे राहतच नाहीत, दर मंगळवारी थोडे परत जातात. त्या हिशेबानं दर चोवीस टक्क्यांवर आला. दुकानातल्या वयस्कर दिवाणजींना मी ते दाखवलं. त्यांनी रोजकीर्द बाजूला सारली, पुन्हा एकदा सगळं मांडून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही सही करायच्या आधी शिकायला हवं होतं." मला ते अजून पटतं. म्हणूनच 'मग शिक' हे मला पटत नाही. कर्ज वाचता येण्यासाठीच शिकायचं होतं.

गटाचंही तसंच. वीस हजारांवर महिन्याला चारशे भरत राहिलं, तर पन्नास महिन्यांत वीस हजार जातात आणि मुद्दल जागचं हलत नाही. २०१९च्या सुरुवातीला फायनान्सचा शेवटचा हप्ता गेला, त्याच दिवशी त्यांनी 'दुसरी सायकल', म्हणजे पुढचं कर्ज, म्हणून पन्नास हजार देऊ केले. हात थरथरत होता, पण नाही म्हटलं. तेच आठवड्याचे ६५० गटाच्या मुद्दलात घातले आणि दिवाळीच्या सुमारास गट मोकळा केला. २०२० मध्ये टाळेबंदीत हप्ते थांबवायची सवलत मिळाली, मी तीन महिने घेतली. हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं. सोळाशे रुपये मुद्दलात चढले. या वेळी निदान ते मला आधीच ठाऊक होतं.

पदवी २०२१ मध्ये हातात आली. नुसत्या पदवीनं पगार वाढला असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. २०१७च्या १ जुलैला जीएसटी लागू झाला होता, लहान व्यापाऱ्यांना विवरणपत्रं भरून देणारं कुणीतरी हवं होतं, आणि मी सोबत टॅली शिकले होते. दुकानानं अकरा हजार केले, संध्याकाळच्या कामाचे पाच हजार येऊ लागले. शिक्षणावर घातलेले चौदा हजार दोन महिन्यांत भरून निघाले. २०२२च्या दिवाळीत बँकेचा बेबाकी दाखला आणला. पण हजारोंची फी कर्ज काढून भरायला लावणारा, नोकरीची हमी देणारा कुठलाही क्लास मी कुणा एकट्या आईला सुचवणार नाही. स्वस्त, सरकारमान्य, काम सांभाळून करता येणारं शिक्षण, एवढंच माझं म्हणणं आहे.

लेकरू कडेवर घेऊन शिकणारी बाई आपल्याकडे काल-परवाची नाही. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, त्या पुस्तकाच्या पैशातून इंग्लंडचा प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन निघाल्या. वाँटेजच्या मठात त्यांनी मराठी शिकवली, चेल्टनहॅमच्या कॉलेजात स्वतः शिकता शिकता संस्कृत शिकवलं. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं ते राहिलं. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, तेही विधवांना शिकता यावं म्हणून. आधी सगळं देणं-घेणं निस्तरू, मुलगी मोठी होऊ दे, असं त्यांनी म्हटलं असतं तर ते सदन कधी उघडलं असतं?

दादाचे पंचवीस हजार अजून द्यायचे आहेत. तो मागत नाही, मी महिन्याला हजार देते आणि त्याच्या नावचं पान चालू ठेवते. मुलगी यंदा डिप्लोमाला जाईल. वसतिगृहाचा खर्च धरून शैक्षणिक कर्ज काढावं का, यावर आम्ही दोघी गेले आठ दिवस बसतोय. सहकर्जदार म्हणून सही माझी लागेल. काल तिनं बँकेच्या माहितीपत्रकावर पेन्सिलीनं खूण केली आणि विचारलं, "आई, शिकत असतानाचं व्याज हे लोक मुद्दलात कधी मिळवतात?" मला नक्की सांगता येईना. सोमवारी दुकानात उशिरा येते असं शेठना सांगितलंय, दोघी मिळून बँकेत विचारून येणार आहोत.