बदललेलें आडनांव

आपले पूर्वज कोण होते हें जाणण्याची इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणीं स्वाभाविक आहे, व तिच्यांत निंद्य असें कांहीं नाहीं. आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत कुलवृत्तान्ताचा एखादा जाड ग्रंथ असतो. त्यांत मूळ पुरुषापासून नातवंडांपर्यंत सर्व शाखा मांडलेल्या असतात. ज्या घरांत वतन होतें, इनाम होतें, सावकारी होती, तेथें कागदहि होते. म्हणूनच राजवाड्यांनीं इ. स. १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हां, किंवा १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें तेव्हां, शोधकांचीं पावलें प्रथम वाड्यांकडे वळलीं. परंतु ज्याचा आजा मागावर उभा राहत होता व पणजा ओझीं वाहत होता, त्याच्या घरीं दप्तर कोठलें असणार? इतकेंच नव्हे, तर पुष्कळदां त्याचें आडनांवच मध्यें तुटलेलें असतें. आजच्या पिढीचें आडनांव एक, पणजाचें दुसरें, आणि त्यापूर्वीं आडनांवच नाहीं, अशी स्थिति आढळते. अशा घरांतील एखाद्या मुलानें शोध करून मूळ नांव हुडकून काढलें, तर पुढें त्यानें काय करावें? तें पुन्हां धारण करावें, कीं चालत आलेलें तसेंच चालूं द्यावें? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु मृतांविषयीं जिवंतांचें कर्तव्य काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

प्रथम आडनांव बदलतें कां, हें पाहूं. सारा जन्म एका गांवांत घालविणाऱ्या माणसास आडनांवाची गरज थोडी. 'रामा, गणूचा लेक' एवढ्यानें ओळख पटे. फार तर जात नि आळी सांगितली जाई. आडनांव मागितलें तें शाळेनें, कचेरीनें, पलटणीनें आणि गिरणीनें. मुंबईस कापडाची पहिली गिरणी काढण्याचें १८५४ सालीं ठरलें व १८५६ सालीं ती चालूं झाली. पुढील पिढ्यांत रत्नागिरी, सातारा या बाजूंनीं हजारों माणसें परळ-लालबागेंत येऊन राहिलीं. तेथें भरती जॉबर करी. हजेरीपत्रकावर नांव चढविणाऱ्यानें कोणास गांवावरून 'कर' लावला, कोणाच्या बापाच्या नांवाचेंच आडनांव केलें, कोणास धंद्याचें नांव चिकटविलें. एक भाऊ गिरणींत गेला, दुसरा पलटणींत, तिसरा गांवीं राहिला. तिघांचीं आडनांवें तीन झालीं तर त्यांत नवल नाहीं.

म्हणून अशा घराण्याचा शोध आडनांवाच्या मागें लागून होत नसतो. जें सहसा बदलत नाहीं त्याचें बोट धरावें लागतें: गांव, कुलदैवत, देवक, आणि बाप-आज्यांच्या नांवांची साखळी. नातवास आज्याचें नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यामुळें रामा गणू, गणू रामा अशीं नांवें आलटून पालटून येत राहतात, आणि आडनांव पुसलें गेलें तरी ही वीण दिसते. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांत मुलाचें नांव सांपडतें. गांवच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहींत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, बापाचें नांव व जात सांपडते. मात्र तेथील जुना मजकूर बहुधा मोडींत असतो, आणि पुष्कळ नोंदींत बाळाचें नांवहि नसतें, नुसतें 'मुलगा' एवढेंच असतें. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनीं आपल्या भाऊबंदांचीं नांवें सांगून ठेवलेलीं असतात; अर्थात् ज्यास यात्राच परवडली नाहीं त्याची नोंद तेथें नसते. दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी लोक गांवोगांव हिंडून घराण्यांच्या वंशावळी राखीत आले आहेत. यांपैकीं एकटादुकटा कागद हा पुरावा नव्हे. दोन निरनिराळ्या हातांचे कागद एकच साखळी सांगूं लागले म्हणजे विश्वास धरावा.

श्रमिकांस कागद नसतो, या नियमाला एक विलक्षण अपवाद मात्र आहे, आणि तो समुद्रापलीकडचा आहे. मॉरिशस बेटांतील उंसाच्या मळ्यांसाठीं १८३४ पासून हिंदी मजूर करारानें नेले जाऊं लागले. एकंदर सुमारें साडेचार लाख माणसें गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी माणसेंहि होतीं. पोर्ट लुई येथें उतरलेल्या प्रत्येकास क्रमांक मिळे, आणि त्याचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, गांव हीं वहींत टिपलीं जात. पुढें छायाचित्रेंहि घेण्यांत येऊं लागलीं. लिहिणाऱ्यांचा कान इंग्रजी-फ्रेंच वळणाचा. त्यामुळें नांवें वेडींवाकडीं उतरलीं, आणि प्रथम आलेल्या मजुराचें किंवा त्याच्या बापाचें नांव हेंच पुष्कळ घरांत पुढील पिढ्यांचें आडनांव होऊन बसलें. हीं दप्तरें आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. आणि ज्या आप्रवासी घाटावर तीं माणसें उतरलीं, त्यास २००६ सालीं जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. पणजाचा क्रमांक ठाऊक असलेल्या मनुष्यास त्या वह्यांतून आपल्या मूळ गांवाचा माग लागूं शकतो. कोंकणांत मागें राहिलेल्या भावापेक्षां परदेशीं गेलेल्या मजुराची माहिती अशी अधिक बारकाईनें लिहिलेली आहे. ती कां? त्याच्यावर कोणाचें प्रेम होतें म्हणून नव्हे. करार मोडून तो पळाला तर ओळखतां यावा, हा त्यांतील एक हेतु. मालाची मोजदाद करावी तशी ती माणसांची मोजदाद होती. आज तीच पणतूच्या हातीं पूर्वजाची एकुलती आठवण म्हणून येते. कागदाचे उपकार मानावे. तो करविणाऱ्याच्या हेतूचे मानण्याचें कारण नाहीं.

हा शोध केवळ हौसेचाहि राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठीं आपलें घराणें ठराविक तारखेपूर्वींपासून या प्रदेशांत राहत होतें, हें दाखवावें लागतें. ही तारीख अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. १९८२ सालच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढें गिरणी-कामगारांस घरें देण्याची योजना निघाली. तींतहि बापाची नोकरी वारसानें कागदानें सिद्ध करावयाची असते. आतां हजेरीपत्रकावर एक आडनांव व शिधापत्रिकेवर दुसरें असेल, तर तीं दोन्ही एकाच माणसाचीं हें दाखविण्याचा भार मुलावर पडतो. ज्या लेखणीनें गोंधळ केला तिला कोणी जाब विचारीत नाहीं. ज्याच्यावर गोंधळ लादला गेला त्याच्या मुलानें मात्र त्याचा उलगडा करावा, अशी ही रीत आहे. अशा प्रसंगीं नांव दुरुस्त करून मागणें हा हक्कच होय.

परंतु एवढ्यावरून जुनें नांव सर्वत्र परत आणावें असें ठरत नाहीं. आमच्या मतें सारा निर्णय एका प्रश्नावर अवलंबून आहे: नांव बदललें कोणीं, कारकुनानें कीं पूर्वजानें? कारकुनानें बदललें असेल तर तें फिरविण्यास वंशज मोकळा आहे. पण राहण्यास खोली मिळावी, मुलास वर्गांत इतरांबरोबर बसतां यावें, आडनांव ऐकून कोणीं जात हुडकूं नये, म्हणून ज्यानें आपलें नांव आपल्या हातानें टाकलें, त्याची गोष्ट निराळी. नांवाखेरीज त्याच्यापाशीं सोडण्यासारखें दुसरें कांहीं नव्हतें. तें त्यानें मुलांसाठीं सोडलें. नातवानें अभिमानाच्या भरांत तेंच नांव दारावरच्या पाटीवर चढविणें म्हणजे आज्याला न विचारतां त्याचा निर्णय रद्द करणें होय. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचें मूळ आडनांव सकपाळ. आंबडवे या गांवावरून आंबडवेकर झालें, व विद्यार्थिदशेंत त्याचें आंबेडकर झालें. मूळ नांव परत आणावें असें आज कोणीहि म्हणणार नाहीं. नव्या नांवास तेज आलें तें धारण करणाऱ्याच्या कर्तृत्वानें. आणि मूळ नांव लपवावें असेंहि कोणास वाटत नाहीं. चरित्रांत तें उघड सांगितलेलें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, जें सत्य तें धारण करण्यास भ्यावें कां? उत्तर असें कीं, सत्य जाणणें निराळें आणि तें नांव मिरविणें निराळें. जाणणें हें कर्तव्य आहे. मिरविण्यांत पूर्वजापेक्षां आपणच अधिक असतों. शोध करणाऱ्यांस जडणारा दुसरा एक मोह याच जातीचा आहे. साखळींत एखादा दुवा मिळेनासा झाला कीं, तेथें कोठल्या तरी सरदाराचें घराणें जोडून देण्याची इच्छा होते. ज्यानें हमाली करून घर उभें केलें तो बिचारा मग आपल्याच वंशावळींत उपरा ठरतो! मजूर पूर्वज मजूर म्हणूनच ज्यास पत्करतां येत नाहीं, त्यानें या शोधास हात घालूं नये.

आणि ज्यांच्या घरीं कुलवृत्तान्त आहे अशा वाचकांनींहि हा विषय परका मानूं नये. तो ग्रंथ उघडून आपल्या पणजीचें माहेरचें नांव शोधून पाहावें. लग्नांत तिचें आडनांव बदललें. आपल्याकडील पुष्कळ घरांत पाळण्यांतलें नांवहि बदललें. आणि ग्रंथांत ती बहुधा अमक्याची पत्नी एवढ्यापुरतीच उरली. तिला कोणीं विचारलें नव्हतें, जसें गिरणीच्या दारांत उभ्या असलेल्या माणसास कोणीं विचारलें नव्हतें. तीं नांवें आज धारण करावयाचीं नाहींत. परंतु घरच्या वहींत दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं लिहितां येतात: एक जन्माचें व एक मागाहूनचें. आणि तें बदललें कोणीं व कां, हें ठाऊक असेल तेवढें त्यांच्याखालीं. ज्यांची कोणी दाद घेतली नाहीं त्यांचें एवढें देणें फेडण्यास वाडाहि लागत नाहीं आणि दप्तरहि लागत नाहीं; घरांतील म्हातारीं माणसें आहेत तोंच त्यांच्यापाशीं बसून विचारलें म्हणजे पुरे.