निचऱ्याची जमीन

इंग्रजीत ज्या मातीस ‘लोम’ म्हणतात, तीस आपले शेतकरी पोयटा म्हणतात. हीत शेकडा सुमारे ४० भाग वाळू, ४० भाग गाळ व २० भाग चिकणमाती असते. नुसत्या वाळूत पाणी ठरत नाही. नुसत्या चिकणमातीत ते तुंबून मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. पोयटा मात्र जादा पाणी खाली सोडतो आणि पिकापुरती ओल राखतो.

पेरणाऱ्याच्या दृष्टांतातील चांगली जमीन आम्ही आहो काय? ऐकलेले वचन मंदिराच्या दारातच विसरणे ही वाळू होय. भावाचा अपराध वर्षानुवर्षे धरून ठेवणे हे तुंबलेले पाणी होय. बांधावरून ज्याशी आमचे भांडण झाले, तो उपासनेस आमच्याजवळच बसतो, आणि आम्ही त्याशी बोलत नाही! मग वचनाची मुळे कुजली तर नवल काय?

पाणथळ शेतास शेतकरी चर खणतो. तद्वत् आज सायंकाळी आपण होऊन त्या भावाच्या घरी जाणे, हाच आमचा चर होय. राग वाहून जावो. वचनाची ओल मात्र राहो.