बडीशेपेच्या बशीतली चिल्लर

रविवारची उपासना आटोपते, आशीर्वाद होतो, आवारात चार सुखदुःखाच्या गोष्टी होतात आणि मग आमच्या बेळगावातली दोनचार ख्रिस्ती कुटुंबे जवळच्या एखाद्या हॉटेलात जेवायला जातात. आम्हीही जातो. जेवण होते, हात धुतले जातात, बडीशेपेची बशी येते. तिच्यात दुमडलेले बिल असते. पैसे दिले जातात, सुटे परत येतात, आणि मग असा एक क्षण येतो की टेबलाभोवतीचे सगळेजण कुठेतरी दुसरीकडे पाहू लागतात. बशीत किती ठेवायचे?

गेल्या नाताळात आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाचा मुलगा अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. बिल झाले होते बाराशे रुपये. त्याने शंभराच्या दोन नोटा आणि वर चाळीस रुपये ठेवले. त्याचे पप्पा दचकलेच. "अरे, वीस रुपये पुरेत!" ते म्हणाले. "पप्पा, तिकडे वीस टक्के देतात." "तिकडचं तिकडे," असे म्हणून पप्पांनी दोनशे रुपये उचलून मुलाच्या खिशात परत घातले. सर्वजण हसले. आम्हीही हसलो. बिल आणणारा पोरगा तिथेच उभा होता, तो मात्र हसला नाही. पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हांला विचारले, "त्या दिवशी बरोबर कोण होते?" तेव्हा आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम "तिकडचे" काय आहे ते पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान मजुरी २००९ सालापासून ताशी सव्वासात डॉलर आहे. परंतु ज्या नोकरांना गिऱ्हाइकांकडून बक्षीस मिळते, त्यांना मालकाने रोखीने द्यायची मजुरी ताशी फक्त २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ती १९९१ पासून तेवढीच आहे. उरलेली मजुरी बक्षिसातून भरून निघाली असे धरतात. भरून निघाली नाही तर मालकाने ती भरावी असे कायदा सांगतो. काही राज्यांनी ही सवलत मालकांना दिलेली नाही, पण पुष्कळ राज्यांत ती आहे. म्हणजे तिकडे बशीत ठेवलेले पैसे मजुरीचाच भाग असतात. त्या मुलाने इथे वीस टक्के ठेवले ते ऐट म्हणून नव्हे. न ठेवणे म्हणजे एखाद्याची मजुरी बुडवणे, हे त्याच्या अंगवळणी पडले होते.

या रीतीमागे एक कडू इतिहास आहे. तिकडचे यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलाम मुक्त झाले. त्यानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत हमाल व चाकर म्हणून या मुक्त झालेल्या काळ्या माणसांना नेमले. पगार तुटपुंजा, बाकीचे प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. सर्वांना सरसकट "जॉर्ज" म्हणत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. १९२५ साली या चाकरांनी संघटना उभारली. तिचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ हे मेथडिस्ट परंपरेतल्या एका कृष्णवर्णी पाळकाचे पुत्र. आम्हांला मजुरी हवी, हसून मिळवलेले बक्षीस नको, ही त्यांच्या मागणीतली एक मुख्य गोष्ट होती. १९३७ साली कंपनीला करार करावा लागला. बारा वर्षे लागली त्याला.

आता तिकडचीच आणखी एक गोष्ट. ती आम्हां ख्रिस्ती लोकांना ऐकायला बरी वाटणार नाही. २०१३ च्या जानेवारीत तिथल्या एका पाळकबाई पुष्कळ माणसांना घेऊन जेवायला गेल्या. मोठ्या पंगतीला बिलावर अठरा टक्के आपोआप लागत असत. बाईंनी ती रक्कम खोडली आणि बिलावर लिहिले की आपण देवाला दहा टक्के देतो, तर तुला अठरा का द्यावेत? सहीपुढे आपण पाळक असल्याचेही लिहिले. दुसऱ्या एका वाढपी बाईने त्या बिलाचे छायाचित्र प्रसिद्ध केले, जगभर गवगवा झाला, आणि नोकरी गेली ती त्या वाढपी बाईची. पाळकबाईंनी पुढे क्षमा मागितली. त्यांच्यावर दगड उचलण्याआधी आम्ही आमच्या मनात डोकावलो, तर तोच हिशेब तिथेही सापडला. दशमांश दिला की बाकीचे नव्वद आपले. देवाला दिले ते वेगळ्या खात्यात, माणसाला द्यायचे ते वेगळ्या. आणि दुसऱ्या खात्यावर देवाची नजर नाही, असा आपला एक गैरसमज!

"तिकडचे तिकडे" हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. गिऱ्हाईक बक्षीस देते म्हणून मालकाने कमी मजुरी द्यावी, अशी सूट आपल्या देशातल्या कायद्यात नाही. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला. मजुरी देणे मालकाचे काम आहे आणि ते आपण बशीत नाणे टाकून आपल्या अंगावर घेऊ नये. पण म्हणून वीस रुपयांत जबाबदारी संपली का? ओडिशातून किंवा नेपाळातून आलेला पोरगा सकाळी इडलीच्या वेळी उभा राहतो तो रात्री खुर्च्या उलट्या टेबलांवर ठेवीपर्यंत. जेवण आणि झोपायला माळा हॉटेलातच. पगारातले बरेचसे गावी जाते. हाताशी स्वतःचे असे जे उरते ते या बशीतले. हे सगळे आपल्याला ठाऊक असते, कारण विचारले की तो सांगतो. आपण विचारीत नाही, इतकेच.

इथे एक कबुली द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी आम्हीही अशाच एका हॉटेलात बशीत एक दोन रुपयांचे नाणे ठेवले आणि त्याच्याखाली एक सुवार्तापत्रिका ठेवली. पैशांपेक्षा मोलाचे काही दिले, अशा समाधानात आम्ही दारापर्यंत पोहोचलो. तोच तो पोरगा धावत मागे आला. "सर, तुमचा कागद राहिला की!" असे म्हणून त्याने पत्रिका आमच्या हातात दिली. नाणे त्याने ठेवून घेतले होते. त्याच्या तोंडावर टोमणा नव्हता, निखळ मदत होती. आम्ही पत्रिका घेतली आणि "थँक्यू" म्हणालो. ती त्याला पुन्हा देण्याचे धैर्य झाले नाही. दोन रुपयांखाली ठेवलेली सुवार्ता दोन रुपयांचीच दिसते, हे त्या दिवशी कळले. पत्रिका वाटू नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्ही आजही वाटतो, पण जेवणाच्या बशीत ठेवीत नाही.

मग बशीत ठेवायचे ते काय म्हणून? भीक म्हणून नव्हे, कारण त्याने मागितलेली नाही. मजुरी म्हणून नव्हे, कारण ती मालकाने द्यायची आहे. खूश होऊन दिलेले इनाम म्हणावे, तर त्यात आपण सरदार आणि तो हुजऱ्या होतो. शिवाय भाजी खारट झाली, स्वयंपाक्याने उशीर केला, तर शिक्षा कोणाला होते? वाढणाऱ्याला. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनी उशिरा आलेल्यांना जास्त देतो तो कोणाचे कापून नव्हे, आणि कोणाचे काम तोलूनही नव्हे. पण या प्रश्नावर आम्हांला त्या दाखल्यापेक्षा रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय अधिक जवळचा वाटतो.

शेताच्या कडा कापू नयेत, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, ती परक्याची, अनाथाची, विधवेची आहे, असे नियमशास्त्र सांगते. तेव्हा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला आली ती हक्काने आली. बवाजाने तेवढे पाळले असते तरी तो नीतिमान ठरला असता. तो दोन पावले पुढे गेला. जेवणाच्या वेळी त्याने तिला कापणी करणाऱ्यांत बसवून घेतले आणि भाजलेले धान्य तिच्या पुढ्यात स्वतः दिले. मग आपल्या गड्यांना सांगितले की पेंढ्यांतून थोडे मुद्दाम गळू द्या आणि तिला बोलू नका. ती वेचते आहे ते कोणी मुद्दाम सांडले आहे, हे तिला कळण्याचेही कारण नव्हते. हक्काचे होते ते हक्काचेच राहिले, वरचे होते ते न लाजवता दिले गेले. शब्बाथ शाळेत हा अध्याय आपण प्रेमकथेसारखा शिकवतो. तो देण्याच्या रीतीवरचाही धडा आहे. वर्गात एखाद्या मुलाला बवाज आणि एखाद्या मुलीला रूथ करून हा प्रसंग करून घ्यावा, म्हणजे सांडणे आणि फेकणे यांतला फरक मुले आपणहून ओळखतात.

आता आकड्याकडे येतो, कारण बाईंनी विचारले होते ते तेच. आम्ही टक्क्यांना फार मान देत नाही. टक्के आपल्या बिलाचे मोजमाप करतात, त्याच्या श्रमाचे नव्हे. चाळीस रुपयांची इडली आणणारा आणि चारशेची बिर्याणी आणणारा तेवढाच चालतो, तेवढेच ओझे वाहतो. म्हणून साध्या उडपी हॉटेलात चहा-इडलीवर पाच-दहा रुपये ठेवावेत, ते टक्क्यांनी कितीही होवोत. पंगत मोठी असेल, लहान मुलांनी टेबलाखाली भात सांडला असेल, तर दहा टक्क्यांच्या खाली जाऊ नये. आणि हे जेवण झाल्यावर ठरवू नये. घरून निघतानाच जेवणाच्या खर्चात धरावे, म्हणजे बशीपुढे मन कोते होत नाही. तेवढे परवडत नसेल तर एक भाजी कमी मागवावी.

बिलावरचा जीएसटी हा सरकारचा कर आहे, तो वाढप्याला मिळत नाही. काही हॉटेले "सर्व्हिस चार्ज" लावतात तो वेगळा. तो मालकाच्या गल्ल्यात जातो, पुढे कोणाला किती मिळतो ते त्या त्या हॉटेलावर असते. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असा आकार आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे योग्य ठरवली. आमचे एक स्नेही तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी हा आकार मोठ्या आवाजात काढायला लावतात. ठीक आहे, हक्क आहे. पण वाचवलेले ते पैसे वाढप्याच्या हातावर न ठेवता खिशात घालतात, तेव्हा कायदा पाळूनही काहीतरी राहून जाते.

अलीकडे "सुटे नाहीत, मोबाईलवर दिले" ही सबब फार सोपी झाली आहे. चौकटीवर मोबाईल धरला की पैसे मालकाच्या खात्यात जातात. म्हणून आम्ही दहा-वीसच्या चार नोटा पाकिटात वेगळ्या ठेवतो. हातात देतो आणि विचारतो, "हे तुलाच मिळतं ना, की डब्यात जमा होतं?" डब्यात जमा होत असेल तर उलट बरे. आत भांडी घासणाऱ्यालाही त्यातले मिळते, आणि त्याला तर कोणी पाहतही नाही.

आपल्या मंडळीत खाणावळ, कँटीन चालवणारी माणसे आहेत. त्यांनी बक्षिसाच्या भरवशावर पगार कमी ठेवू नये. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, ते त्यांनी पुन्हा वाचावे.

एक गोष्ट मात्र आम्हांला अजून सुटलेली नाही. विसाव्याच्या दिवशी तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही विसावा मिळावा, असे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण दिले आहे. आम्ही उपासनेतून उठून जेवायला जातो म्हणूनच त्या पोराचा रविवार सर्वांत दगदगीचा असतो. गेल्या महिन्यात त्याचे नाव विचारले, तेव्हा कळले की तो ओडिशातल्या कंधमालचा आहे आणि ख्रिस्ती कुटुंबातला आहे. उपासनेला कुठे जातोस, असे विचारताच त्याने बाहेरच्या रांगेकडे हात दाखवला. "रविवारी सुट्टी नसते सर. तुम्ही सगळे येता ना."

त्या दिवशी आम्ही पन्नास रुपये ठेवले. हॉटेलात जाणे अजून सोडलेले नाही. दोन कुटुंबांनी मात्र रविवारी घरीच जेवून बाहेरचे जेवण शनिवारी रात्री ठेवायचे ठरवले आहे, आणि सोमवारी संध्याकाळी त्याची सुट्टी असते तेव्हा त्याच्यासारख्या तीनचार मुलांना घेऊन पाळकसाहेबांच्या घरी प्रार्थना घ्यावी, अशी बोलणी चालू आहेत. मालक सोडील की नाही, ते अजून विचारायचे आहे.