मर्जी आणि मर्यादा

सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा मुलूख आज मध्यप्रदेशाच्या दप्तरी मोडत असला आणि २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला असला, तरी तेथील कापूस-संत्र्याचा व्यवहार, शेतीची रीत आणि चाकरीची बोली ही नागपूर-वऱ्हाडशीच जुळणारी आहेत. म्हणून माणसाने माणसाकडून काम कोणत्या नीतीने करून घ्यावे, या प्रश्नाचा मागोवा या मुलखातून घेणे अनाठायी होणार नाही. वर्षाच्या ठरावाने राबणाऱ्या शेतगड्याचे, म्हणजे सालदाराचे, साल येथे गुढीपाडव्याला सुरू व्हावयाचे. वर्षाचा पैसा, धान्य, कपडालत्ता आणि आगाऊ उचल यांचा ठराव बहुधा तोंडीच होई. पोळ्याला बैलजोडी घेऊन तो घरोघर गेला की त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, पडे. आणि मालक मनाचा मोठा असला तर आजारपणात औषधपाण्याचीही सोय होई. या नात्यात जिव्हाळा नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो जिव्हाळा मालकाच्या मर्जीवर उभा होता, आणि मर्जीने जे मिळते ते मर्जी फिरताच जाते. शिवाय उचल फिटलेली नसली की पाडव्याला दुसरे घर धरण्याची मुभाही नावापुरतीच उरे. कामाच्या ठिकाणच्या नीतीचा विचार पुढे ज्या ज्या वळणांनी वाढत गेला, ती सारी वळणे, माझ्या समजुतीप्रमाणे, या एकाच प्रश्नाभोवती घातलेली आहेत: हाताखालच्या माणसाचे हित वरच्याच्या मर्जीवर सोडावे, की त्या मर्जीलाच मर्यादा घालावी?

मर्जीला मर्यादा घालण्याची कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. शिवशाहीत किल्ल्याचा कारभार एकट्या हवालदाराच्या हाती न देता सबनीस आणि सरनोबत यांची जोड त्याला दिलेली असे, आणि फौजेला जहागिरीऐवजी रोख मुशाहिरा देण्याकडे कटाक्ष होता. एकाच्या लहरीवर संस्था चालू नये आणि सेवकाचे वेतन कोणाच्या उपकाराचे नसावे, ही दोन्ही तत्त्वे त्यात बीजरूपाने होती. परंतु ही शिस्त राज्यरक्षणासाठी होती; शेतात राबणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचली नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल सरल्यावर इंग्रजी अमदानीत जी मालगुजारी पद्धत या भागात स्थिरावली आणि १९५१ मध्ये जी संपुष्टात आली, तिच्यात मालगुजाराचे हक्क दप्तरात तपशीलवार नोंदले गेले. त्याच्या वाड्यावर राबणाऱ्याचे मात्र कोठेच नाही.

हा मुलूख ज्या कापूसपट्ट्यात मोडतो, त्या पट्ट्याकडे पाहूनच जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. शेतावरून आलेल्या मजुराला भोंग्याची शिस्त अपरिचित होती, हजेरी अनियमित होती, आणि त्या काळच्या गिरणी-मालकांना त्यावर दंडाखेरीज दुसरा उपाय सुचत नव्हता. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी वेगळी वाट धरली. गिरणीत खेळती हवा व आर्द्रता राखण्याची यंत्रे बसविली, बक्षिसांची प्रथा पाडली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला, आणि १८९५ पासून कामावर जखमी होणाऱ्यास भरपाई देण्यास आरंभ केला. या गोष्टींना कायद्याची सक्ती नव्हती. अपघात-भरपाईचा कायदा हिंदुस्थानात यावयास १९२३ साल उजाडावे लागले. आपण इतरांहून अधिक उदार आहोत असा दावा टाटांनी केला नाही. कामगाराचे स्वास्थ्य हा धंद्याचाच पाया होय, अशी त्यांची धारणा होती. मर्जी येथे व्यक्तीच्या मनातून निघून संस्थेच्या नियमात आली, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व होय. तरीही तो नियम करणारा आणि मोडू शकणारा पुरुष एकच होता.

याच काळात मुंबईत त्याच प्रश्नाकडे उलट दिशेने पाहिले जात होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणी-कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरल्या मुदतीत पगार आणि जायबंदी होणाऱ्याच्या चरितार्थाची तरतूद, अशा त्याच्या मागण्या होत्या. नागपुरात जे मालकाने पुढे अकरा वर्षांनी आपण होऊन दिले, ते मुंबईत कामगारांनी आधीच मागितले होते. लाभ एकच, परंतु देणगी म्हणून स्वीकारणारा मान लववितो आणि मागणारा ती ताठ ठेवतो; आणि ज्याला मान ताठ ठेवावयाची आहे त्याचे संरक्षण कोणी तरी तिसऱ्याने करावे लागते. तो तिसरा पक्ष म्हणून कायदा हळूहळू पुढे आला. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने प्रौढांच्या तासांना हातही लावला नव्हता. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा दिली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ मध्ये कामगार-संघटनांना मान्यता देणे मालकास बंधनकारक करणारे विधेयक मांडले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. नागपुरात रा. स. रुईकरांसारखे पुढारी गिरण्यांच्या दारी उभे राहिले. ज्या शहरात टाटांच्या गिरणीने कायद्याआधीच भरपाई दिली, त्या शहरातही कामगाराला स्वतःची संघटना हवीशी वाटली, यात कृतघ्नता शोधणे व्यर्थ आहे. १९४७ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा औद्योगिक तंट्यांचा कायदा नागपूरप्रमाणेच सौंसरलाही लागू होता, कारण १९५६ पर्यंत दोन्ही गावे एकाच प्रांतात होती.

तिसरे वळण मानसशास्त्राचे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये कामाचे मोजमाप करून प्रत्येक हालचालीची एक योग्य रीत ठरविण्याचे शास्त्र मांडले. आणि शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात चाललेल्या प्रयोगांतून, माणूस केवळ पैशासाठी व उजेडाच्या प्रमाणात काम करीत नाही, गटातील नाते आणि आपल्याकडे कोणी लक्ष देते ही जाणीव यांचाही त्याच्या कामावर परिणाम होतो, असा निष्कर्ष एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढला. संघटनेतील मानवी वर्तनाचा अभ्यास या नावाने आज जे शास्त्र शिकविले जाते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. परंतु त्याच प्रयोगात, फार बोलतात आणि मनासारखे काम करीत नाहीत म्हणून दोन मुलींना १९२८ च्या आरंभी गटातून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या गेल्या, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा ठळक केली जात नाही. कामगाराचे मन ओळखण्याचे शास्त्र जन्मले त्याच खोलीत, मन बोलून दाखविणारीला बाहेरचा रस्ता दाखविला गेला.

याहून आपल्या जवळचा प्रयोग अहमदाबादचा. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. तेव्हा १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कामाचे बारीक तुकडे करण्याची पद्धत सोडून लहान लहान गटांकडे ठरावीक मागांची सर्व जबाबदारी सोपविण्याचे सुचविले. कामगारांनी ती कल्पना उत्साहाने उचलली, उत्पादन वाढले, कापडाची खराबी घटली. पुढे १९७० च्या सुमारास एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी ती गटपद्धती टिकून होती आणि दुसरीकडे झिजून गेली होती. वरिष्ठांच्या अनुमतीने मिळालेली स्वायत्तता परिस्थिती बदलताच कशी पातळ होते, याचे हे उदाहरण कारखानदारांनी आणि व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सारख्याच काळजीने वाचण्यासारखे आहे.

कृपा, हक्क आणि मनाचे ज्ञान, असे हे तीन प्रवाह आहेत. आणि एकानंतर दुसरा आला म्हणून पहिला आटला असे झालेले नाही. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात आज ज्याचा बाप सालदार होता तो तरुण यंत्रावर उभा राहू शकतो. परंतु देशभरच्या कारखान्यांप्रमाणे तो ठेकेदारामार्फत आलेला असेल, तर मुदत वाढेल की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे जुन्या पाडव्यासारखाच उभा राहतो. ठेकेदाराने पगार बुडविला तर मूळ मालकाने तो द्यावा, असे ठेका-मजुरांविषयीच्या १९७० च्या कायद्याने ठरविले. कायदा आहे, परंतु मुदतवाढ ज्याच्या हाती आहे त्याच्याविरुद्ध तो वापरण्याचे धाडस कायद्याने पुरविता येत नाही.

म्हणूनच अलीकडच्या काळातील विशाखा निवाडा (१९९७) आणि त्यावरून आलेला २०१३ चा कायदा मला विशेष सूचक वाटतो. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास चौकशी करणाऱ्या समितीत संस्थेबाहेरचा एक सदस्य असलाच पाहिजे, ही त्यातील अट लहान दिसते. परंतु संस्थेला स्वतःचा न्याय स्वतःच्या मर्जीने करता येऊ नये, ही गेल्या दीड शतकाच्या अनुभवाची शिकवण तीत साठलेली आहे. हीच अट इतर तक्रारींनाही लागू करावयास काय हरकत आहे, हे एकदा मालकवर्गाने सांगावे.

कृपेला आणि मानसशास्त्राला हाकलून द्यावे असे माझे म्हणणे नाही. केवळ नियमांवर चाललेले कार्यालय कोरडे होते, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. परंतु या दोहोंना हक्काच्या चौकटीत बसविल्याखेरीज त्यांचा भरवसा धरता येत नाही. एखाद्या संस्थेची नीती अजमावावयाची असेल तर तिच्या सणासमारंभांची छायाचित्रे आणि भिंतीवरची ध्येयवाक्ये बाजूस ठेवावी, आणि वरिष्ठाच्या निर्णयाला नम्रपणे नकार देणारा इसम पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर त्याच जागी आहे की नाही, एवढे पाहावे. तो तेथे असेल तर बाकीच्या सुधारणांना आधार आहे. नसेल तर तेथील सद्भावाला सद्भाव म्हणावे, व्यवस्था म्हणू नये.